कासारणीच्या बारवेचे तीन झरे

आकुर्डीच्या पूर्वेला, जिथं पुढं वसाहती उठल्या, तिथं तेव्हा बाभळी होत्या, ज्वारीची वावरं होती आणि एक बारव होती. बेचाळीस पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरायची, घडीव काळ्या दगडाची. गाव तिला कासारणीची बारव म्हणे. आणि त्या बारवेचा म्हणून गेनबा होता. त्याचं आडनाव गावात कुणी वापरलं नाही. लग्नाच्या यादीतसुद्धा 'गेनबा बारवेवाला' एवढंच लिहीत, आणि त्याला त्यात कमीपणा वाटत नसे. उलट चुकून कुणी आडनावानं हाक मारलीच, तर दुसरं कोण आलंय म्हणून तो मागं वळून बघे.

माणूस उंचीनं बेताचा, अंगानं वाळलेला, आणि बोलायला इतका कंजूष, की बायको पुतळाबाई म्हणायची, "ह्यांच्या तोंडातनं शबूद काढायचा म्हंजी मोटंला चार बैल जुपाय लागत्यात." पण बारवेत उतरला की हाच माणूस एकटा बडबडत असे. पायऱ्यांवरचं शेवाळ घासताना, कोनाड्यातल्या पाकोळ्यांच्या घरट्यांच्या काड्या काढताना, तळाशी वाकून पाण्याचा वास घेताना त्याचं तोंड चालूच. वरून ऐकणाऱ्याला वाटावं, खाली दोघं तिघं बसलेत.

बारव बांधली ती कुणा बांगड्या विकणाऱ्या कासारणीनं. गावोगाव हिंडून ती म्हातारी झाली, पोटी कुणी नव्हतं, म्हणून आयुष्यभराची पुंजी तिनं इथं घातली. लोक म्हणाले असतील, बाईनं पैसा पाण्यात घातला. ती म्हणाली असेल, मग कुठं घालू? पहिल्या पायरीच्या वर, डाव्या हाताला तिचा दगड होता. शके सोळाशे एक्क्याऐंशी, आणि खाली एकच ओळ: वाटसराच्या तहानेकरिता. गेनबाला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या अक्षराचा काना कुठं झिजलाय हे तो डोळे मिटून बोटानं सांगे.

खरं बोलायचं तर बारव देखणी असली तरी तिच्या पायऱ्यांनी सगळ्यांना सारखं वागवलं असं नाही. गावातल्या काही बायकांना पायरी उतरायची मुभा नव्हती. त्या काठावर ताटकळत उभ्या राहत आणि गेनबा खालून घागरी भरून वर आणून त्यांच्या घागरींत ओते. दिवसाला तीस-चाळीस खेपा. कुणी त्याला भला म्हणालं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. त्याच्या बापानं, चिमाजीनं, हेच केलं होतं आणि त्याच्याही बापानं.

बापानं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती, आणि ही सगळी हकिगत त्या गोष्टीवरच उभी आहे.

दरवर्षी चैत्र सरता सरता, आखितीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी, बारवेचा गाळ काढत. आखितीला पितरांच्या नावानं पाण्याचा घडा द्यायचा, तो ताज्या पाण्याचाच हवा. गावातली धडधाकट माणसं मोटा लावून पाणी उपसत, टोपल्यांनी गाळ वर काढत. पण तळाशी माणूस उभा राहायचा तर आधी झरे थांबवायला हवेत. झरे तीन होते. थोरली पूर्वेच्या भिंतीत, मूठ जाईल एवढ्या तोंडाची. मधली शेवटच्या पायरीखाली. आणि धाकटी कोपऱ्यात, करंगळीएवढी, पण चवीला सगळ्यांत गोड. झऱ्यांची ही नावं गेनबाच्या घराण्यातली, आणि बहिणी म्हणूनच त्या घरानं त्यांना वागवलेलं.

पाणी थोपवायची रीत अशी: झऱ्याच्या तोंडात ओल्या गोणपाटाचा बोळा ठासायचा, त्यावर काळ्या मातीचा लगदा थापायचा, आणि वरून दगडाची सपाट कपची पाचर मारून बसवायची. हे करताना झऱ्याशी बोलायचं, "आई, जरा थांब. बोलावतो." गाळ निघाला की कपची काढायची, बोळा उपसायचा आणि म्हणायचं, "ये आता. बोलावलंय." चिमाजीनं मरताना पोराला ना जमिनीचं सांगितलं ना घराचं. म्हणाला, "थांब म्हनलास की बोलवायचं. पान्याला वाट बघाय लावू नगंस."

गेनबानं तीस वर्षांत कधी तिसऱ्या दिवसाच्या पलीकडं वाट बघायला लावली नव्हती.

एकोणीसशे छपन्नच्या चैत्रात गाळ काढायला सुरुवात झाली, झरे थोपवले गेले, आणि दुसऱ्याच दिवशी दवंडी फिरली. पुण्याच्या कचेरीतून ओव्हरसियर येणार. गावोगावच्या जुन्या विहिरी, बारवा, तळी, दगडी हौद, सगळ्यांची पाहणी होणार. कुठं किती पाणी, बांधकाम कसं, कधीचं, ते सगळं लिहून नेणार.

कशासाठी, ते दवंडीत नव्हतं. आणि सरकार कशासाठी हे सांगत नाही तेव्हा गाव आपल्या मनानं सांगून घेतं.

चावडीवर माणसं जमली. मध्ये बसले बबनराव. शहाणपण आपल्याच घरी वस्तीला असतं अशी या गृहस्थांची समजूत होती आणि गावाचीही. पेपर वाचणारे तेच, पुण्याला वकील गाठणारे तेच, आणि बारवेला लागून असलेली बारा एकर काळी जमीनही त्यांचीच. त्या दिवसांत या पट्ट्यात कारखान्यांचं वारं सुटलं होतं. माळावर माळ मोजले जात होते. पलीकडच्या एका गावात असाच मोजणीवाला येऊन गेला आणि वर्षाच्या आत तिथं तारेचं कुंपण पडलं होतं.

"कारखान्याला काय लागतं?" बबनरावांनी विचारलं. "जागा आन पाणी. जागा त्यांनी बघितलीय. आता पाणी कुठंय ते बघाय येत्यात. बारवेत बारमाही पाणी हाय म्हनून कागदावर चढलं, की बारव गेली, वावरं गेली, आपून गेलो."

"मग काय करायचं?" कुणीतरी म्हणालं.

"आणेवारीला काय करतो?"

सगळे हसले. आणेवारी म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज. सोळा आण्यांपैकी सहा आण्यांच्या खाली पीक गेलं तर शेतसाऱ्यात सूट मिळे. त्यामुळं बारा आणे पिकलं तरी गाव तोंड वाकडं करून पाचच सांगे. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. सरकारपुढं भरलेला हात उघडू नये, हे गावात पोरं चालायला लागायच्या आधी शिकत.

"मग पाण्याचीबी आणेवारीच समजा," बबनराव म्हणाले. "गेनबा, बोळे काढू नगंस. सायेब येऊन गेला की काढ."

गेनबा खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "तिला बोलावतो म्हनून सांगून आलोय."

"चार दिस उशिरा बोलाव. पाणी काय कचेरीत जाऊन तक्रार करतंय व्हय?"

पुन्हा हशा झाला. गेनबाही थोडा हसला, कारण सगळे हसत असताना एकट्यानं गप्प राहणं त्याला जमलं नसतं. आणि खरं म्हणजे बबनरावांचं म्हणणं त्याला पटलं होतं. बारव तारेच्या कुंपणाआड गेली तर तो कुणाचा राहणार होता? त्यानं मान डोलावली, आणि त्या मान डोलावण्यानंच पुढचं सगळं झालं.

घरी पुतळाबाईनं ऐकलं आणि तिचा हात जात्यावर थांबला. तिच्या उजव्या पोटरीवर, बारवेच्या पाण्यानं झालेल्या नारूची जुनी खूण होती. ऐन तारुण्यात त्या पायातून हातभर लांब किडा निघाला होता, आणि तेव्हापासून ती जरा लंगडत चाले. बारवेवर तिचं प्रेम होतं, पण नवऱ्यासारखं आंधळं नव्हतं.

"खोटं लोक तोंडानं बोलत्यात," ती म्हणाली. "तुमी हातानं बोलाय निघालाय."

"गावाचं हाय."

"गावाचं खरं. पन हात तुमचा हाय."

तो उठून बारवेवर गेला.

ओव्हरसियर यायला दवंडीनंतर सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत बायका घागरी घेऊन ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जात होत्या आणि बबनरावांना मनातल्या मनात ओव्या गात होत्या. गेनबा रोज पहाटे बारवेत उतरे. थोपवलेलं पाणी कुठल्या ना कुठल्या सांध्यातून पाझरे, तळाशी ओंजळभर साचे. ते तो फडक्यानं टिपून घेई. आखितीला पितरांचे घडे झिऱ्याच्या गढूळ पाण्यानं भरले गेले. गेनबानं आपल्या बापाचा घडा भरला, आणि त्याच्याकडं नीट बघवलं नाही म्हणून पाठ करून उभा राहिला.

ओव्हरसियरचं नाव उद्धवराव. चाळिशीचा माणूस, खाकी अर्धी चड्डी, डोक्यावर टोपी, चिंचवड स्टेशनावरून सायकल मारत आलेला. बरोबर टेप धरणारा शिपाई. गाव अदबीनं लांब उभं राहिलं. उद्धवराव पहिल्या पायरीशी आले, दगडावरची ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि खाली बसून पायातले बूट काढू लागले.

वैशाखाचं ऊन होतं. दगड पोळत होते. गेनबानं आजवर बारवेवर आलेले साहेब बघितले होते. तलाठी जोड्यांसकट उतरे, फौजदार बुटासकट उतरे आणि पाण्यात थुंकेसुद्धा. हा माणूस अनवाणी बेचाळीस पायऱ्या उतरला. गेनबा त्याच्या मागं चालत होता आणि त्याच्या उघड्या टाचांकडं बघत होता.

खाली उद्धवरावांनी दोन तास घालवले. टेप लावली, कोनाडे मोजले, दगडांच्या सांध्यांत नख घालून बघितलं. "चुन्याचा थेंब नाही," ते शिपायाला म्हणाले, "आणि दोनशे वर्षांत एक सांधा सरकला नाही." वहीत त्यांनी बारवेचं चित्र काढलं, पायरीन् पायरी. मग तळावर उभं राहून त्यांनी गेनबाला विचारलं, "पाणी कधी आटतं?"

"चैत सरला की संपतं बघा, सायेब."

"दरसाल?"

"दरसाल."

उद्धवरावांच्या चेहऱ्यावरचा उत्साह उतरला. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. फिरवता फिरवता तो थोरलीच्या तोंडावर आला. कपचीच्या कडेला काळी माती होती. त्यांनी बोट लावून बघितलं.

"इथं ओल आहे."

बोटाच्या मागं वीतभरावर थोरली थांबली होती. नखानं जरा खरवडलं असतं तर माती सुटली असती. वर काठावर बबनराव उभे होते. त्यांची सावली पायऱ्यांवर पडली होती.

"पावसाळ्यात पाझर लागतो, त्येची हाय," गेनबा म्हणाला.

उद्धवरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. चांगला बराच वेळ बघितलं. मग हात मागं घेतला आणि बोट रुमालाला पुसलं.

"पाणी असतं तर फार बरं झालं असतं," ते म्हणाले.

हे वाक्य बबनरावांनी वरून ऐकलं आणि संध्याकाळी चावडीवर दहा वेळा सांगितलं. "बघितलं? सरकार आपल्या पाण्यावर टपलंय का न्हाई? सोताच्या तोंडानं बोलला." गावानं एकमेकांच्या पाठी थोपटल्या. साहेबाला गंडवल्याचा आनंद गावाला लग्नाच्या जेवणाइतका गोड लागतो.

सायकल चिंचवडच्या रस्त्याला दिसेनाशी झाली तसा गेनबा खाली उतरला होता. त्यानं तिन्ही बोळे काढले. "ये आता," तो म्हणाला, "बोलावलंय." धाकटी लगेच आली. मधलीनं घटकाभर लावली. थोरली मात्र संध्याकाळ होईस्तोवर नुसती मातकट थेंब गाळत राहिली आणि मग एकाएकी मनगटाएवढ्या धारेनं कोसळली. गेनबा तिच्यासमोर भिजत उभा राहिला. त्याला रडू आलं. रुसलेलं माणूस परत बोललं की येतं, तसं.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, ज्वाऱ्या निघाल्या. बारव काठोकाठ भरली होती. तारेचं कुंपण आलं नाही. बबनरावांची छाती दोन बोटं रुंद झाली. आणि ऐन माघात, एका सकाळी, मुरमानं भरलेले तीन ट्रक बाभळींतून हेलकावत आले.

मुकादमाचं नाव ज्योतीराम. सोलापूरकडचा माणूस, बोलायला सरळ. त्याच्याकडं कागद होता. कासारणीची बारव, उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात साचलेलं पाणी, नारूला कारण, पिण्यास निरुपयोगी. बुजवून टाकावी.

"कोरडी?" गेनबानं त्याला हाताला धरून काठावर नेलं. "बघा. ही कोरडी?"

खाली निळं पाणी हलत होतं. ज्योतीराम बराच वेळ बघत राहिला. "मला दिसतंय हो," तो म्हणाला. "पण मला डोळ्यांवर काम दिलेलं नाही, कागदावर दिलंय. आठ दिवस ट्रक दुसरीकडं लावतो. तुमाला काय करायचं ते करा."

चावडीवर बबनराव म्हणाले, "कचेरीत गेलं तर फसवलं म्हनून गावावर खटला हुईल. आता गप ऱ्हायलेलं बरं." त्यांची बारा एकर शाबूत होती. गेनबा घरी आला, धुतलेलं धोतर नेसला आणि चालत चिंचवड स्टेशन गाठून पुण्याची गाडी धरली.

कचेरीत उद्धवरावांच्या टेबलासमोर तो उभा राहिला. बसा म्हटलं तरी बसला नाही. जन्मात इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. तीन झरे, गोणपाट, काळी माती, कपची, सगळं सांगितलं. "ती आटत न्हाई सायेब," तो म्हणाला. "दुस्काळात आटली न्हाई. मी थांबीवली हुती."

उद्धवरावांनी कपाटातून वही काढली आणि पान उघडून त्याच्यासमोर धरलं. बारवेचं चित्र होतं. बेचाळीस पायऱ्या, कोनाडे, कासारणीचा दगडसुद्धा.

"या भागात पुढं मोठं शहर होणार आहे," ते म्हणाले. "तेव्हा कुणी विचारणार नाही इथं काय होतं. म्हणून मी मागं लागून ही पाहणी मंजूर करून घेतली. अठ्ठावीस जागा बघितल्या. ज्यांना बारमाही पाणी, त्यांच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या, म्हणजे पाण्यात पाय पडणार नाही आणि नारू होणार नाही. वर रहाट बसवायचा, आणि बांधकामाला हात लावायचा नाही. अशा अकरा जागा वाचवल्या. ही बारावी व्हायची होती. पाणी आहे एवढंच मला लिहायला हवं होतं."

आता गेनबा बसला, खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"माझ्या बोटाला ओल लागली होती," उद्धवराव म्हणाले. "पण मी तुमच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, हा माणूस या दगडांना हात लावतो तो देवाला लावावा तसा. हा त्यांच्याबद्दल खोटं सांगणार नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते बोलणं गेनबाच्या छातीत पुढं कितीतरी दिवस रुतत राहिलं.

उद्धवरावांनी जबाब लिहून घेतला. "बोळे ठेवायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई," गेनबा म्हणाला. "माझ्याच मनानं क्येलं." आणि अंगठा उठवला. गावानं त्याला खोटं बोलायला लावलं होतं, आणि गावाला वाचवायला तो पुन्हा एकदा खोटं बोलला. यात शहाणपण शोधू नये. गेनबा तसाच होता.

त्या एका खोट्यानं उरलंसुरलं दारही लागलं. आठव्या दिवशी उद्धवराव स्वतः सायकलवर आले. गेनबा काठावर बसला होता. ते बूट काढून त्याच्याशेजारी बसले.

"वरच्या साहेबांनी जबाब वाचला," ते म्हणाले. "त्यावर शेरा मारला. ज्या जागेचं पाणी एक माणूस आपल्या मनाला येईल तेव्हा बंद करू शकतो, ती जागा पिण्याच्या पाण्यासाठी भरवशाची धरता येत नाही. बुजवावी." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आणि गेनबा, मला या शेऱ्याला उत्तर सुचलं नाही."

नंतरचं आधीच सांगून टाकलेलं बरं. दीड वर्षांत गावाला पंप आणि नळ आला. नारू गेला, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. पुतळाबाई तर म्हणायची, माझा पाय गेला, पन आता पोरींचं पाय तरी वाचलं. नळाला पायऱ्या नसल्यानं काठावर ताटकळणाऱ्या बायकांनीही रांगेत सगळ्यांसारखी घागर लावली. कासारणीचा दगड उद्धवरावांनी काढून घेतला आणि मारुतीच्या पारात बसवून दिला. वाटसराच्या तहानेकरिता, ही ओळ अजून तिथं आहे आणि तिच्यासमोर पाणी नाही. बबनरावांची बारा एकर चार वर्षांनी कारखान्याला गेलीच. मोबदला त्यांनी भांडून घेतला. बारवेचा विषय निघाला की ते पेपर उघडून बसत.

पण हे सगळं नंतरचं. फाल्गुनातल्या त्या आठवड्यात ट्रकांनी मुरूम ओतायला सुरुवात केली आणि काम अडलं. वरून मुरूम पडे आणि खालून पाणी चढे. दोन दिवसांत तळाशी नुसती रबडी झाली. ज्योतीरामनं इंजिन लावून सगळं उपसून काढलं, तरी रात्रीतून पुन्हा गुडघाभर. शेवटी तो गेनबाच्या दारात आला. दारातच उभा राहिला.

"तुमाला सांगायला जीभ रेटत नाही," तो म्हणाला. "पण झऱ्यांची तोंडं तुमालाच ठाऊक. माझी माणसं अंदाजानं सुरुंग लावायचं म्हणत्यात. त्यापेक्षा तुमच्या हातानं झालं तर..."

पुतळाबाई नवऱ्याकडं बघत होती. तिला वाटलं, हे नाही म्हणतील. पण गेनबा उठला. त्यानं कोपऱ्यातलं गोणपाट घेतलं, परड्यातून काळी माती घमेल्यात भरली, आणि निघाला. सुरुंग नको, एवढंच म्हणाला.

उपसलेल्या बारवेत तो एकटाच उतरला. इंजिन बंद होतं. काठावर पुतळाबाई, ज्योतीराम आणि त्याची चार माणसं. गावातलं दुसरं कुणी आलं नव्हतं. यायला तोंड लागतं.

त्यानं आधी धाकटी थोपवली. मग मधली. हात तीस वर्षांचे सरावलेले होते, ते आपलं काम करत राहिले. थोरलीपाशी तो शेवटी गेला. तिच्या धारेखाली दोन्ही हात धरले, तोंड धुतलं, ओंजळभर प्यायला. मग बोळा ठासला, लगदा थापला, कपची लावली, पाचर मारली. आणि हात कपचीवर ठेवून, दर चैत्रात म्हणत आला तसंच, सवयीनं म्हणाला, "आई, जरा थांब. बोलावतो."

म्हणून झाल्यावर त्याला कळलं आपण काय म्हणालो ते.

वरच्या माणसांना वाटलं, तो पाचर नीट बसली का ते बघतोय. तो हलेना. ज्योतीरामनं एकदा हाक मारली, मग पुतळाबाईनं मारली. शेवटी ती लंगडत, एका एका पायरीवर बसत, खाली उतरली आणि त्याच्या खांद्याला धरलं. बेचाळीस पायऱ्या दोघांनी मिळून चढल्या. वर आल्यावर तो कासारणीच्या दगडाच्या रिकाम्या खाचेपाशी बसला. पहिला ट्रक मागं सरकत काठाशी येत होता.

"काय झालं?" पुतळाबाईनं विचारलं.

"सायेबाला खोटं बोललो, ते पुण्याला जाऊन सांगता आलं," गेनबा म्हणाला. "आता हिला कुठं जाऊन सांगू?"